उशाकडची जागा

गुरुग्राम, ८ डिसेंबर

चि. रावसाहेब,

जय भीम. मी कमला, तुझी मोठी बहीण. ओळख सुरुवातीलाच करून दिलेली बरी, कारण तू चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणारा माणूस. दोन वर्षांत बहीण कुठे ठेवली तेही विसरला असशील. ती दिल्लीच्या शेजारी ठेवलेली आहे, हितेशच्या घरी, अकराव्या मजल्यावर.

फोन तू उचलत नाहीस. पण जन्मभर एसटीत कंडक्टरी केलेला माणूस, कुणी कागद पुढे केला की तुझा हात आपोआप पुढे येतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून पत्र. बोलते मी, लिहिते चेतना. ती म्हणाली, "आई, मी जरा शुद्ध करून लिहिते." म्हटलं, कर बाई, पण माझं तोंड त्याला ओळखू आलं पाहिजे. तेव्हा जिथे गोड वाटेल ते सुनेचं समज आणि जिथे टोचेल ते माझं.

बडनेऱ्याच्या स्टेशनवर काय बोलला होतास ते आठवतं? नाही आठवणार. गाडी हलली तेव्हा खिडकीचा गज धरून म्हणालास, "अक्का, तिथे तुझं कोण ऐकणार? तुला अक्षर येत नाही, इंग्रजी येत नाही. मुक्यासारखी बसून राहशील आणि सहा महिन्यांत परत येशील. परक्या माणसांत उभी राहून बोललीस आणि त्यांनी ऐकून घेतलं, तर मुंगवड्यांचा डबा डोक्यावर घेऊन दिल्लीला येईन." समोरच्या बाकावरच्या बाईने हे ऐकलंय, तिला विचार. (चेतना म्हणते, त्या बाईला आता कुठे शोधायचं. म्हटलं, तू लिही.) सहा महिन्यांत मी आले नाही आणि तू रुसलास. पैज हरायला लागलं की खेळ सोडायची तुझी सवय लहानपणापासूनची आहे.

तर कळवायचं असं की मी अजून मुकी झालेली नाही.

आमच्या टॉवरच्या मागे, जनरेटरच्या पलीकडे, सकाळी ऊन येतं. इथे हिवाळ्यात आभाळावर धुराची गोधडी असते, त्यामुळे ऊन कुठे पडतं ते म्हाताऱ्यांना बरोबर माहीत असतं. त्या उन्हात एक चारपाई टाकलेली असते. चारपाई म्हणजे आपली खाट, दोरीने विणलेली. ती भतेरीताईची. इथे ताई म्हणजे बहीण नव्हे, मोठी काकू. मी तिच्याहून मोठी, पण सगळे म्हणतात म्हणून मीही म्हणते. भतेरी म्हणजे त्यांच्या बोलीत 'पुष्कळ झालं'. मुलीवर मुलगी झाली तेव्हा आईबापांनी हे नाव ठेवलं, म्हणजे देवाला तरी कळावं. या टॉवरच्या जागी तिच्या सासरची जमीन होती, बाजरी पिकायची. आता तिथेच नवव्या मजल्यावर तिच्या लेकाचा फ्लॅट आहे. ती म्हणते, "खेत तो वही सै, बस ऊपर चढ़ गया." गावच्या घरातली चारपाई ही एकच वस्तू तिने लेकाशी भांडून इथे आणली. चारपाई तिच्या मालकाने स्वतःच्या हाताने विणली होती.

मी पहिल्यांदा खाली गेले तेव्हा काय केलं असेल? चारपाईशेजारी फरशीवर बसले. गुडघे नको नको म्हणत होते तरी बसले. पाटलाच्या अंगणात आई कुठे बसायची, ते तू विसरला असलास तरी माझे गुडघे विसरलेले नाहीत. भतेरीला वाटलं, मी कुणाकडे तरी कामाला आहे. "किसके घर काम करै सै?" म्हटलं, अकराव्या मजल्यावर, आणि पगार देत नाहीत. (चेतनाने इथे पेन खाली ठेवलं होतं. उचल बाई, गंमत आहे.)

मग तिने जात विचारली. सरळ, जसं कुणी गाव विचारतं. मी म्हटलं, बौद्ध. तिला कळलं नाही. मग आपल्या आजोबांना लोक ज्या नावाने हाक मारत ते सांगितलं, तेही सरळच. ती गेटकडे बघत बसली. मला वाटलं, झालं, आता ऊन दुसरीकडे शोधायचं.

आता नीट ऐक. इकडच्या गावात चारपाईची दोन टोकं असतात. उशाकडे मानाचा माणूस बसतो, पायथ्याला त्याहून कमी, आणि आपल्यासारख्यांनी चारपाईला हातही लावायचा नाही. भतेरी उशाकडे बसलेली होती. ती उठली, पायथ्याशी जाऊन बसली आणि रिकाम्या जागेवर हात आपटून म्हणाली, "बैठ. म्हारे गाम में तन्नै कोए ना बैठण देता. इब गाम ए कोन्या रह्या." आमच्या गावात तुला कुणी बसू दिलं नसतं, आता गावच राहिलं नाही.

मी बसले. तेव्हापासून रोज बसते. कधी ती उशाकडे, कधी मी. एक बंगाली म्हातारी येते, एक पंजाबी बीजी येते. बीजी कुणाची आई ते आत्ताच विचारू नकोस. परवा सहा तारखेला पांढरी साडी नेसून गेले तर भतेरीने विचारलं, "कौन चला गया?" मी सांगितलं. म्हणाली, "सगा था?" म्हटलं, सगळ्या सग्यांहून सगा. तिने डोक्यावरची ओढणी नीट केली आणि त्या दिवशी रोजचा हुक्का ओढला नाही.

इतकं बोलते मी रोज. मुंगाची डाळ भिजत घालायला हरकत नाही.

तुझी अक्का


गुरुग्राम, २२ डिसेंबर

रावसाहेब,

उत्तर आलं नाही. पोस्टाची चूक समजते, म्हणजे आपलं भांडण वाढत नाही.

समताची गंमत ऐक. सातवीत गेलीय. इंग्रजीच्या बाईंनी वाक्यं करून आणायला सांगितली होती, 'इज अ सिम्बल ऑफ' घालून. कबूतर इज अ सिम्बल ऑफ पीस, तराजू इज अ सिम्बल ऑफ जस्टिस, असं घोकत पोरगी घरभर फिरत होती आणि मी मटार सोलत होते. विचारलं, हे काय गं? म्हणाली, "आजी, सोपं आहे. आधी हातात धरता येते अशी वस्तू. मग हातात धरता येत नाही अशी गोष्ट. पहिली बघितली की दुसरी मनात आली पाहिजे."

म्हटलं, एवढंच ना? हे तर विहारावरच्या झेंड्याचं झालं. निळा पट्टा बघितला की करुणा, पांढरा बघितला की निर्मळपणा. आम्हाला शिकवायला कुणी इंग्रजीच्या बाई लागल्या नाहीत. पोरगी बघतच राहिली. मग आत जाऊन बापाला म्हणाली, "पप्पा, आजीला माझ्याआधी समजलं, यार." आजीला यार म्हणतात इथे. चालायचंच.

मला चटकच लागली. म्हटलं, झाडू इज अ सिम्बल ऑफ कचरा. समता म्हणाली, चूक, कचरा हातात धरता येतो. म्हटलं, कुकर इज अ सिम्बल ऑफ चेतना. चूक, मम्मीपण धरता येते. म्हटलं, सकाळी आठ वाजता धरून दाखव. शेवटी कुकर घाईचा सिम्बल ठरला आणि हितेशच्या ऑफिसातली फाईल धीराचा, कारण ती त्याच्या टेबलावरून वर जाते आणि तशीच खाली येते. समताने दोन्ही वाक्यं वहीत लिहिली. बाईंनी बरोबरची खूण केली. सांग तुझ्या गावात, अक्काचा पेपर तपासला गेला.

बाकी ठीक. गुडघे ठीक. ऊन जरा कमी झालंय म्हणून मी खाली उतरत नाही. भतेरीही उतरत नाही. थंडी आहे. मटार संपायचेत, पुरे करते.

अक्का

(मामा, जय भीम. आईंना वाचता येत नाही याचा गैरफायदा घेऊन हे खाली लिहिते आहे. ऊन कमी झालेलं नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी चारपाई उचलून बेसमेंटमध्ये टाकायला लावली. नोटीस आली की कॉमन एरियात असलं सामान ठेवलं की सोसायटीचा लुक बिघडतो. भतेरीताई खाली आल्या, रिकामी जागा बघितली आणि तशाच परत गेल्या. त्यांचा मुलगा म्हणाला, जाऊ दे माँ, आपणच गावठी दिसतो. तेव्हापासून आई दिवसभर बाल्कनीत बसतात आणि कुणाशी बोलत नाहीत. काल त्यांनी कपाटावरची निळी बॅग काढायला लावली आणि साड्या भरल्या. समताने विचारलं, आजी, ही बॅग कशाचा सिम्बल? आई म्हणाल्या, अभ्यास कर. — चेतना)


गुरुग्राम, ६ जानेवारी

रावसाहेब,

तुझं कार्ड आलं. दोन वर्षांनी एक ओळ. 'अक्का, पूर्वेची खोली झाडून ठेवली आहे, ये.' चेतनाने ती वाचली आणि कढई करपल्यासारखी स्वयंपाकघरात पळाली. कढई गॅसवर नव्हतीच. तेव्हा मला कळलं की मागच्या पत्राच्या शेपटीला हिने काहीतरी बांधून दिलं होतं. मला अक्षर वाचता येत नाही, चेहरा येतो. बरं केलंस हो चेतना. हेही लिही.

खोली झाडलीस. तू. जेवल्यावर स्वतःचं ताट न उचलणारा. हे ऐकून खरं सांगते, जीव गाडीत जाऊन बसला. बॅग उचलून दारापर्यंत नेली. इथे काय आहे माझं? लेक सकाळी मेट्रोने जातो, अंधार पडल्यावर येतो. सून ऑफिस आणि घर दोन्ही ओढते. पोरगी शाळेत. दिवसभर त्या लिफ्टचा आवाज ऐकायचा, वर गेली, खाली आली. बोलायची जागा एक होती, ती बेसमेंटमध्ये भंगाराशेजारी उभी करून ठेवली आहे. तू म्हणाला होतास तेच झालं. मुकी.

पण अठरा तारखेला सोसायटीची मीटिंग आहे. चारपाई कायमची टाकून द्यायची की नाही, ते त्यात ठरणार. हितेशला म्हटलं, तू बोल. त्याने मोबाईल पालथा ठेवला. मग म्हणाला, "आई, काय बोलू? ती चारपाई तुला का हवी ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल. इथे आपण कोण ते मी कुणाला सांगितलेलं नाही. विचारलं तर म्हणतो, महाराष्ट्रियन. समताच्या मैत्रिणी आहेत, येणंजाणं आहे." मी उठून ताटं वाढायला घेतली. त्याला वाटलं, आईला पटलं.

बॅग दाराशीच आहे. अठरानंतर ती एक तर बडनेऱ्याला उतरून परतवाड्याला येईल, नाहीतर परत कपाटावर जाईल. तोवर खोली पुन्हा एकदा झाडून घे. तू झाडलेली म्हणजे कोपरे राहिलेच असणार.

अक्का


गुरुग्राम, १९ जानेवारी

रावसाहेब,

डबा घासायला घे. मोठा, पितळेचा, आईचा.

आता सगळं पहिल्यापासून. काल सकाळी मी नवव्या मजल्यावर जाऊन भतेरीच्या दाराची बेल वाजवली. म्हटलं, चल मीटिंगला. ती म्हणाली, "अंग्रेजी बोलेंगे. के पल्लै पड़ैगा?" म्हणजे आपल्याला काय कळणार. म्हटलं, मला त्यांचं एक वाक्य येतं, चल. हात धरूनच खाली आणलं तिला. क्लबहाऊसमध्ये मऊ खुर्च्या, मागे कॉफीचं मशीन. समता माझ्या एका बाजूला, भतेरी दुसऱ्या. हितेश पुढच्या रांगेत, चेतनाशेजारी.

आधी लिफ्ट झाली, मग पार्किंग झालं, त्यात एका माणसाचं दुसऱ्याशी भांडण झालं. मग सेक्रेटरी उठले. पडद्यावर आमच्या चारपाईचा फोटो लावला, पोलीस ठाण्यात चोराचा लावतात तसा. इंग्रजीत बोलायला लागले. समता कानाशी सांगत होती, लुक म्हणजे काय, रिसेल म्हणजे काय. आणि मग ते म्हणाले, "फ्रँकली, धिस चारपाई इज अ सिम्बल ऑफ बॅकवर्डनेस."

मी समताला थांबवलं. म्हटलं, हे कळलं, फक्त शेवटचा शब्द सांग. "मागासलेपण, आजी."

रावसाहेब, वाक्य अगदी बरोबर होतं. आधी हातात धरता येणारी वस्तू, मग न येणारी गोष्ट. बाईंनी खूण केली असती. फक्त ते खोटं होतं.

मी उभी राहिले. गुडघे असे वाजले की पुढच्या रांगेने मागे वळून बघितलं. सेक्रेटरी म्हणाले, "अम्माजी, बाद में." म्हटलं, बेटा, या वयात बाद में कुणाला सांगतोस. कुणीतरी हसलं. हितेश बुटांकडे बघत होता. मग मी बोलले. हिंदीत बोलले, जशी येते तशी. तुला आपल्या भाषेत सांगते.

म्हटलं, सेक्रेटरीसाहेब, ज्यांना गावात खाटेवर बसू देत नव्हते, त्या लोकांतली मी. आता आम्ही बौद्ध आहोत. लहानपणी कुणी खाटेवर बसलेलं दिसलं की आम्ही जमिनीवर बसायचो, सांगावंही लागत नसे. म्हातारपणी तुमच्याकडे आले तेव्हासुद्धा जमिनीवरच बसले, तुमच्या या चकचकीत फरशीवर. येणारे जाणारे बघत होते. कुणाला काही वावगं दिसलं नाही, तेव्हा लुक बिघडला नाही. या बाईने मला उठवलं. माझी जात विचारली, ऐकली, आणि मग स्वतः उठून मला उशाकडे बसवलं. तिच्या गावात उशाकडे बसवणं म्हणजे काय, ते इथे ज्यांची जमीन होती त्यांना विचारा.

आणि मग मी ते वाक्य म्हटलं. शेवटचा शब्द आदल्या दिवशीच समताकडून मागून घेतला होता, पदराच्या गाठीत बांधल्यासारखा जपून आणला होता. म्हटलं, "धिस चारपाई इज अ सिम्बल ऑफ इक्वॅलिटी."

मागे कॉफीचं मशीन तेवढं फुसफुसत होतं. मी समताकडे बघितलं, चुकलं का? तिने मान हलवली, नाही. पोरीचे डोळे भरले होते. मला वाटलं, हे वाक्य आवडलं नाही की काय लोकांना. बसावं म्हणून मागे हात लावला, तर पुढे हितेश उभा राहिला. म्हणाला, "ये मेरी माँ हैं. जो इन्होंने अपने बारे में कहा, वही मेरे बारे में है." एवढंच बोलला. पण मागे वळून सगळ्यांकडे बघून बोलला. मग बसला नाही, उभाच राहिला, माझ्यासारखा.

आणि तेव्हा पंजाबी बीजी बोलल्या. आता विचार कुणाची आई. सेक्रेटरींची. रोज आमच्या चारपाईवर बसून आमच्याच शेंगा खायच्या आणि लेकाला सांगायच्या, वॉकला गेले होते. बसल्या जागेवरून म्हणाल्या, "बेटा, तू चारपाई पे ही पैदा हुआ था. पहले ये बता, तू किसका सिम्बल है?"

सगळी खोली हसली. भतेरी तर अशी हसली की ओढणी घसरली. सेक्रेटरींचे कान लाल झाले, पण माणूस वाईट नाही. स्वतःही हसला आणि म्हणाला, ठीक आहे, हात वर करा. चारपाई राहू दे म्हणणारे हात इतके वर झाले की मोजायची गरज पडली नाही. भतेरीच्या लेकाने सगळ्यात शेवटी हात वर केला, पण केला. मग तोच हितेशला म्हणाला, "चल भाई, उठा लाते हैं." दोघं जाऊन बेसमेंटमधून चारपाई घेऊन आले. एका बाजूची दोरी तुटली होती. भतेरीच्या लेकाने खाली बसून ती ओढली, गाठ मारली. बापाने शिकवलं होतं म्हणे. आईला हे माहीतच नव्हतं.

चारपाई उन्हात टाकली. भतेरी म्हणाली, आज तू उशाकडे. मी म्हटलं, नाही, तू. आमचं हे चाललेलं असताना बीजी जाऊन उशाकडे बसल्या आणि म्हणाल्या, "लड़ती रहो." तिथून हलायला तयार नाहीत. आज सकाळीही आमच्याआधी येऊन बसल्या होत्या. बंगाली म्हातारीची नात फोटो काढून गेली. सेक्रेटरी गाडी काढताना थांबले, काच खाली केली आणि मला नमस्कार केला. मी म्हटलं, या बसायला. म्हणाले, संडे को. बघू.

निळी बॅग कपाटावर गेली. हितेशने स्वतः ठेवली, मला विचारलं नाही. रात्री जेवताना समताला म्हणाला, मैत्रिणींनी विचारलं तर सरळ सांगायचं. ती म्हणाली, "पप्पा, मी कधीच सांगितलंय." त्याने घास तसाच धरून ठेवला, मग हसायला लागला.

आता तुझं. पूर्वेची खोली झाडलीस, त्याचं मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. भावजय वारली, मग मी इकडे आले, आणि त्या घरात तुझ्याशी भांडायला कुणी उरलं नाही. स्टेशनवर तू 'तुझं कोण ऐकणार' म्हणालास, तेव्हा कुणाची काळजी करत होतास ते मला गाडीतच कळलं होतं. तो तुझा न उचललेला फोन कशाचा सिम्बल, ते समताला विचारलं. तिने बरोबर शब्द दिला. तो इथे लिहीत नाही, नाहीतर तू लाजून पत्र फाडशील.

जय भीम घे. पैज हरलास, आता माणसासारखा वाग. मुंगवड्या शेजारणीकडून करून घे, लसूण मोकळ्या हाताने घालायला सांग, आणि कडक वाळू दे, मागच्या वेळी मधून ओल्या होत्या. थोडी वाळवलेली अंबाडी आणि ज्वारीचे धापोडे वेगळ्या पिशवीत. भतेरीला हे आपले ज्वारीचे पापड कसे लागतात ते बघायचंय. बीजींना तिखट चालत नाही, म्हणून त्यांच्यासाठी जास्त तिखट. पोस्टाने अजिबात पाठवायचं नाही, सगळा चुरा होतो. विश्वासाच्या माणसाच्या हाती पाठव, आणि तसा माणूस परतवाड्यात तू एकटाच आहेस. डबा डोक्यावर घ्यायची गरज नाही, मांडीवर चालेल. चारपाईवर तुझ्यासाठी पायथ्याला जागा ठेवली आहे. आणि या मुंगवड्या कशाचा सिम्बल वगैरे विचार करत बसू नकोस. खायच्या आहेत. डबा काठोकाठ भर.